धुऱ्यापलीकडचा फौजी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. गावात कुणी त्याची आठवण काढली की मी तंबाखू मळत उठून जायचो.

तो माझा शेजारी. दिघोरीत आमच्या धानाच्या बांध्या एकाच धुऱ्याला, मधल्या मातीच्या बांधाला, लागून; माझी वर, त्याची खाली. तलावाचं पाणी आधी माझ्या बांधीत येई आणि मी धुरा फोडला की त्याच्याकडे उतरे. तो टेरिटोरियल आर्मीत होता. बोलावणं आलं की वर्दी, नाहीतर गुडघाभर चिखल. गावात त्याला 'अर्धा फौजी' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं. माझा मुलगा भरतीच्या मैदानावरून दोनदा हात हलवत परत आला होता, आणि याची वर्दी अंगणातल्या तारेवर वाळताना मला दिसे.

त्या वर्षी ऐन रोवण्यात, धानाची लावणी चालू असताना, त्याला बोलावणं आलं. पानठेल्यावर मला गाठून म्हणाला, "काकाजी, आज पाणी सोडा ना. रोवणा आटपून निघतो मंग."

"कालच खत टाकलं बाबू, वाहून जाते सारं. अन् तू काहून एवढी घाई करून राहिला? तुह्याबिना सरहद्द पडते का?"

लोक हसले. तोही हसला. "पडली त तुमालेच बोलावतो, काकाजी."

मी खत टाकलंच नव्हतं.

धानाच्या रोपांचे पऱ्हे वाफ्यात तसेच उभे ठेवून तो गेला. मी पाणी सोडलं तोवर ते जून झाले होते. त्याच्या बायकोने तेच रोवले. धान निसवून लोंब्या यायच्या आत तो वारला. पहाडात रस्त्यावरची दरड हटवताना वरून दुसरी कोसळली. तिरंग्यात आला तेव्हा सारं गाव रस्त्यावर होतं. 'अर्धा' कुणी म्हणालं नाही. खांदा द्यायला मी पुढे झालो, तर वडीलधारा म्हणून लोकांनी मला मानाने जागा करून दिली.

तेरवीनंतर त्याची बायको घरी आली. म्हणाली, "काकाजी, फोनवर मी तुमच्या नावानं लय चिडली होती. त ते मलेच रागावले. म्हणे, मुरू दे खत, काकाजी खोटं नाही बोलत."

तिने डोक्यावर पदर घेतला, पाया पडली. माझ्या तोंडातून निघालं, "सुखी राहा."

आता ती माहेरी असते. वर्षातून एकदा येते, पाया पडते, आणि मी तेच म्हणतो. म्हणायचं असतं ते एवढंच: पोरी, खत नव्हतं. मी खोटं बोललो. मले माफ कर.