टेबल मी चमकवलं, नाव कारीगराचं

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आईच्या जुन्या टेबलाचं पॉलिश मी कित्येक दुपारी घासत होते. आधी बारीक पॉलिश पेपरनं, मग रबिंग कंपाउंड लावून मऊ कापडानं. आज त्यात चेहरा दिसायला लागला.

संध्याकाळी नवऱ्याचे साहेब घरी आले. टेबलावर हात फिरवत म्हणाले, "क्या चमक है. किससे करवाया?"

नवरा म्हणाला, "फ्रीगंज बाज़ार में एक कारीगर है, सर."

मी चहा घेऊन समोरच उभी होते. म्हटलं, "वो कारीगर मैं हूँ, सर."

साहेब गेल्यावर नवरा चिडला. "बायको टेबलं घासते म्हणून सांगू? कसं दिसतं ते?"

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. सांगा, यात लाजण्यासारखं काय होतं?