कागदात गुंडाळलेली ट्यूब

मेडिकलमध्ये माझ्या पुढच्या बाईने डॉक्टरांची चिठ्ठी न बोलता सरकवली. दुकानदारानेही मलमाची ट्यूब न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. पायरी उतरताच तिने खोका आणि आतला माहितीचा कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला, नुसती ट्यूब पर्सच्या तळाशी घातली. घरी कुणी विचारायला नको.

मीही एकदा हेच केलं होतं, कागद न वाचताच फेकला होता. योनीमार्गातल्या जंतुसंसर्गावर डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांचं मलम दिलं होतं. तिसऱ्या दिवशी वास गेला, त्रास थांबला आणि मी ट्यूब साड्यांच्या घडीखाली ठेवून दिली. पुढे थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "मलाही तसंच होतंय गं." मी उरलेली ट्यूब त्यांना दिली. त्यांना तपासलं कुणीच नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळंच निघालं, तेही कित्येक महिने अंगावर काढल्यावर. माझं तर परत आलंच.

मी डब्यातून तो कागद उचलला. मलम तेच होतं, मला दिलेलं. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस वापरा, दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं सरळ लिहिलं होतं. बाई कोपऱ्यावर रिक्षात बसत होती. हाक मारायला मी तोंड उघडलं, पण भर रस्त्यात तिला काय सांगायचं, ते शब्द माझ्याही तोंडून निघाले नाहीत.