पांढरी गादी लातूरला नेताना

नांदेडमध्ये आप्पांच्या साडीच्या दुकानाला लोक ‘पांढऱ्या गादीवाले’ म्हणतात. पिशवीवरही तीच गादी छापलेली. लातूरच्या नव्या शाखेची आतली मांडणी त्यांनी माझ्याकडे दिली होती. माझं पहिलंच स्वतंत्र काम. उद्घाटनाआधी चार गिऱ्हाइकं बसवून बघायची, आप्पांना पटलं नाही तर पुण्याचा डिझायनर आणायचा, असं ठरलेलं. म्हणून ऐन दुष्काळात निघालो.

सकाळची पहिली लाल बस धरा. लोह्यापुढे खिडकी भाजायला लागते. अहमदपूरच्या स्टँडवर नाश्त्याला सुशीला मागितली.

“भजे खावा. चुरमुरे भिजवायला पाणी कुठलं?” हॉटेलवाला म्हणाला. भजी गरम आणि पोटभर मिळतात. पाण्याची बाटली घरून न्या.

पुढे मागच्या बाकावर नव्या जिल्ह्याचा वाद पेटला.

“उदगीर जिल्हा होऊन राहिला, लिहून घ्या.”

“होऊ द्या की. टँकर कोण्या जिल्ह्याचा येणार, ते इचारा.”

लातुरात गल्लोगल्ली घागरींच्या रांगा होत्या. दुकानात आप्पा आधीच येऊन बसले होते. पोचताच मी गादीची शिवण पुन्हा तपासली. सरळ होती.

दुपारी खेड्यातल्या एक मावशी सुनांना घेऊन लग्नाचा बस्ता बांधायला आल्या. चपला काढल्या आणि गादीच्या काठाशीच थांबल्या.

“बसा की मावशी,” आप्पा म्हणाले.

“पाय बघा माझे. धुवायला पाणी न्हाई, अन् तुमची गादी बगळ्यावानी. लग्नाच्या आधीच डाग लावू का?”

सुना हसल्या, पण बसलं कोणीच नाही. उभ्याउभ्या बस्ता होत नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“जाजम टाकू का?” मी विचारलं.

“जाजमाच्या नक्षीवर साडीचा रंग दिसतो का रे?”

दिसत नाही. गादी पांढरी असते ती त्यासाठीच. शेजारच्या मंडपवाल्याकडून लाल जाजमं आणली आणि गादीच्या चारी काठांवर पसरली. मधे पांढरी पट्टी उघडी ठेवली, फक्त साडी उलगडण्यापुरती. तिथे पाय पडणार नव्हता. पट्टी धुवायची वेळही क्वचितच येणार.

मावशी ऐसपैस बसल्या. “आता लग्नघर वाटायलंय. काढा शालू.”

पुण्याचा विषय निघाला नाही. संध्याकाळी आप्पा एवढंच म्हणाले, “ह्याच मापाची जाजमं शिवून घे. भाड्याची किती दिस वापरायची?”

नांदेडला परतल्यावर जुन्या दुकानात गेलो. गादी पांढरीशुभ्र. एक बाई काठावर, पाय बाहेर ठेवून अवघडून बसली होती. इतकी वर्षं इथे येतो, पण हे बसणं मी कधी पाहिलंच नव्हतं. मी खिशातून मापाचा टेप काढला.