व्याह्यांचं उणं धान

सांगतो, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे एकाला हे सांगत होतो तर त्याच्या नाकातून चहा आला, आणि ओरडला माझ्यावर!

कोहमाऱ्याच्या चौकाजवळ माझी धानखरेदी आणि शेजारी ट्रक तोलायचा काटा. काटा जमिनीत, त्याचं डोकं म्हणजे कम्प्युटर ऑफिसात, आणि बाहेर लाल आकड्यांचा भला मोठा फलक. समोरच्या ढाब्यावरचा ड्रायव्हर खाटेवर पडल्यापडल्या वजन वाचतो. आणि माझी ख्याती काय, तर बारदान्यावर 'चिन्नोर' असं उंची वाणाचं नाव लिहिलंय म्हणून मी कधी पोतं घेतलं नाही. परखी, म्हणजे ती टोकदार पोकळ सळई, पोत्यात खुपसायची, दाणे हातावर घ्यायचे, मगच तोंड उघडायचं.

हे लक्षात ठेवा. पुढे मला लाज वाटायला कामी येणार आहे.

कम्प्युटर लिनक्सवर चालतो. तो बसवून देणारा माणूस गेला तो गेलाच, म्हणून मीच व्हिडिओ पाहून पाहून शिकलो. शाळा मॅट्रिकला सुटली, पण शेल स्क्रिप्ट लिहितो! म्हणजे काय? तर कम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेली कामं. हे कर, मग ते कर, नाही जमलं तर बोंब मार.

आता कोणताही प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याला लायब्ररी नावाच्या तयार फायली लागतात, जशा आचाऱ्याला मंडपवाल्याकडच्या कढया लागतात. एक नसली की गडी अडून बसतो. माझी स्क्रिप्ट प्रत्येक प्रोग्रामला विचारते, "बाबा, तुला काय काय लागतं?" मग ते डिस्कवर आहे का बघते. नसलं तर लाल अक्षरात 'गायब'. असलं तर हिरव्यात 'सब बराबर'. मी त्या हिरव्या अक्षरांवर जीव टाकायचो हो!

तर, आमच्या लेकीचं, मयुरीचं, लग्न जुळत आलं होतं. मुलाकडचे बिरसीकडचे, चांगली धानाची शेती. होणारे व्याही फोनवर म्हणाले, "यंदाचं धान तुमच्याच काट्यावर आणतो जी. बसू, बोलू, तारीखही काढून टाकू."

पाहुणचाराची धास्ती बायकोला, काट्याची मला. तिनं पडदे धुतले. मला वाटलं, आपणही काही धुवावं. म्हणून त्या सकाळी मी सगळा कम्प्युटर अपडेट करून टाकला.

काट्याचा प्रोग्राम उघडेचना!

व्याही अर्ध्या वाटेवर, आणि माझा काटा मुका. घाईघाईनं स्क्रिप्ट चालवली. लाल! एकच लायब्ररी गायब, पण नेमकी ती, जी काट्याचे आकडे प्रोग्रामला समजावून सांगते. अपडेटनं जुनी फेकून नवी आणली होती, आणि प्रोग्राम जुनीचं नाव घेऊन बसला होता.

इथे माझ्यातला दुकानदार जागा झाला. गिऱ्हाईक जुन्या पॅकिंगचा साबण मागतं, आपण नव्या पॅकिंगचा देतो. कंपनी तीच ना? मी नव्या फायलीला जुनीचं नाव चिकटवलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. हिरवं! सब बराबर! बाहेर फलकावर शून्य झळकलं. मी त्या शून्याला हात जोडले.

तेवढ्यात ट्रक आला. मागून जीपमधून व्याही.

भरलेला ट्रक काट्यावर चढला. फलकाकडे पाहून व्याही म्हणाले, "घरून जास्त निंगालं होतं जी."

"धान वाळते ना रस्त्यात," मी म्हणालो. बिरसी ते कोहमारा एवढ्या रस्त्यात पापड वाळत नाही! पण भीतीनं माणूस काहीही बोलतो.

हमालांनी माल उतरवला. रिकामा ट्रक काट्यावर आला, आणि फलक बघून मी डोळे चोळले. रिकामा ट्रक भरल्या ट्रकापेक्षा जड! कम्प्युटरनं हिशेब करून धानाचं वजन दाखवलं: उणे. म्हणजे व्याह्यांनी धान आणलं नव्हतं, माझ्याकडूनच नेलं होतं!

छत्तीसगढी ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "सेठ, माल हमने उतारा कि चढ़ाया?"

बायको कानाशी आली. "त्यायनं चहा अर्धा ठेवला! समजते का तुम्हाले काही?"

समजत होतं हो! व्याही चिडले असते तर बरं. ते नुसते फलक वाचत उभे. ऑफिसच्या खिडकीत मयुरी, तिचा चेहरा पांढरा. मी काट्याखाली उंदीर शोधले, दगड शोधले. शेवटी ड्रायव्हरला विचारलं, "काही लपवलं तर नाही ना गाडीत?" जीभ चावली, पण शब्द बाहेर पडले होते.

मग मी व्याह्यांना ऑफिसात ओढून नेलं आणि त्यांच्यासमोर स्क्रिप्ट चालवली. सब बराबर. पुन्हा चालवली. सब बराबर!

व्याही शांतपणे म्हणाले, "म्हंजे तुमचा काटा बरोबर. मंग चोर कोन जी? मी, का माहं धान?"

संपलं! लग्न मोडलं, असं मी मनात धरून टाकलं. शेवटचा उपाय म्हणून स्वतःच काट्यावर जाऊन उभा राहिलो. फलकावर भरल्या ट्रॅक्टरचं वजन! ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटांवर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

व्याही माझ्याजवळ आले. "एक सांगा. तुमची थे स्क्रिप्ट पोतं खोलून पाहाते, का बारदान्यावरचं नाव वाचूनच पास करते?"

नाव मीच चिकटवलं होतं, आणि नाव वाचणारी स्क्रिप्टही मीच लिहिली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या पोत्यात सळई खुपसणारा मी!

"नाव वाचून," मी कसंबसं म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

जुन्या पेनड्राइव्हवरून खरी लायब्ररी आणली, बसवली. रिकामा ट्रक शहाण्यासारखा तोलला गेला. पण माल तर खाली! पुन्हा भरून तोलल्याशिवाय इलाज नाही. हमाल म्हणाले, "काट्याची चूक, अन् पाठ आमची कायले जी?" मग त्यांच्यासोबत मीही पोती उचलली. व्याही खुर्ची टाकून बघत बसले. त्यांनी नवा चहा मागवला आणि पूर्ण प्यायला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तारीखही त्याच चहावर निघाली.

साखरपुड्याला मी पाठ धरून वाकूनच उभा. व्याह्यांनी आहेराचं ताट माझ्या हाती दिलं. नारळ होता, शेला होता, आणि शेल्याखाली कोरी करकरीत परखी!

"कम्प्युटराले परखी मारत जा जी," व्याही म्हणाले. मंडप हसला.

मीही हसून वेळ मारून नेत होतो, तर मागून आमच्या सौभाग्यवती सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "कम्प्युटराले कायले? आधी यायच्या डोक्याले मारून पाहा, अंदर काही निंगते का!"