टँकरच्या प्रोग्रामचं उलटं रूप

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात महादेवी स्वामी धाराशिवच्या एका सहकारी संघात संगणकावर काम करायची. मूळची लोहाऱ्याकडची, घरी कन्नड, कचेरीत मराठी. सहा जणांनी मिळून चारा डेपो, दूध, पाण्याचे टँकर अशा कामांचे शेकडो प्रोग्राम लिहिले होते. कुणी काय बदललं ते कळावं म्हणून प्रत्येक प्रोग्रामचं पहिलं रूप अख्खं ठेवत, पुढं नुसते बदल साठवत. कुठलंही रूप हवं असलं की यंत्र पहिल्यापासून एकेक बदल चढवत यायचं. टँकरच्या प्रोग्रामला पाऊण तास लागे. वीज मात्र अर्धा तासही टिकेल याचा भरवसा नसायचा.

एका सोमवारी कुणाच्या तरी बदलात चूक झाली आणि टँकरच्या यादीतून अकरा गावं गळली. चुकीच्या आधीचं रूप काढताना दोनदा वीज गेली. तिसऱ्या दिवशी म्हाळसाबाई नावाची म्हातारी चालत कचेरीत आली.

"बाई, दोन दिस टँकर न्हाय. लेकरं काय पितील?"

महादेवीचे साहेब आबाराव यांनी अकरा गावांची नावं हातानं लिहून ड्रायव्हरला धाडली.

"साहेब, साठा उलटा मांडू," महादेवी म्हणाली. "ताजं रूप अख्खं ठिवू, बदल मागं जाणारे. म्हंजी कालचं रूप एका पावलावर."

"आन् मांडताना लाईट गेली तर?"

"त्याचंच लई भ्या वाटतंय."

डिस्कवर दोन्ही साठ्यांना जागा नव्हती. टँकरच्या प्रोग्रामचा जुना साठा तिनं दोन फ्लॉपींवर उतरवला, दोनदा तपासला, मग डिस्कवरून पुसला. नवा अर्धा झाला आणि पंखा थांबला.

दीड तास ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. सहा जणांची तीन वर्षांची मेहनत आपण बुडवली, एवढंच डोक्यात घोळत होतं. वीज आली तेव्हा नवी फाइल रिकामी होती. पहिली फ्लॉपी वाचली गेली. दुसरी नुसतीच करकरली. पुन्हा घातली, पुन्हा करकर. आबाराव खुर्चीवरून उठले. तिसऱ्या खेपेला ती वाचली गेली.

वीज टिकली. संध्याकाळी पाचला काम पुरं झालं. चुकीच्या आधीचं रूप पाऊण मिनिटात पडद्यावर आलं. अकराही गावं यादीत होती.

"आता दुधाचा घेऊ," आबाराव म्हणाले.

"आज न्हाय साहेब. एस.टी. चुकंल."

आबारावांनी घड्याळ पाहिलं आणि ते तिला एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला गेले.