राणीच्या कुंपणापाशी इंदुताई

आंग मो किओ भागातल्या ऑफिसात मीटिंग चालू होती आणि फोनवर इंदुताईंच्या मुलाचा, प्रसेनजितचा मेसेज आला, ‘आई गेली.’ मी फोन पालथा ठेवला. समोरचा माणूस काय बोलतोय ते त्यानंतर बराच वेळ मला ऐकूच आलं नाही. इंदुताई माझ्या कुणी नात्यातल्या नव्हत्या. सेंगकांग उपनगरात आमची इमारत एक, त्या राहायच्या मुलाकडे, माझ्या वरच्याच मजल्यावर. पुण्यात पालिकेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून, नवरा गेल्यावर त्या इथं परदेशात आल्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “तुझ्या कुकरच्या शिट्ट्या वर ऐकू येतात. डाळीचं पार पिठलं करतेस तू.” मी रागावणार होते, पण त्यांचंच खरं होतं.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, आणि राहून राहून आठवते ती आमची राणीकडची फेरी. इंग्लंडची राणी वारली तेव्हा इथल्या त्यांच्या वकिलातीबाहेर लोक फुलं ठेवायला लागले होते. टीव्हीवर ते पाहून ताई सकाळीच पांढरी साडी नेसून माझ्या दारात हजर. मी चेष्टा केली, “ताई, एवढी वर्षं आपल्यावर राज्य केलं त्यांनी, आणि तुम्ही फुलं घेऊन निघालात?”

“ते मला नको सांगू, मी इतिहास शिकवलाय,” त्या म्हणाल्या. “म्हातारी बाई होती गं. नवऱ्यामागं एकटी राहिली. फूल वाहायला आपलं काय जातं?”

मीही चपला घातल्या.

वकिलातीच्या कुंपणाच्या कडेनं गुलाब, लिली, शेवंती... सगळे गुच्छ चकचकीत प्लास्टिकमध्ये, रिबिनीसकट. लोक वाकून ठेवत होते, घटकाभर थांबत होते, फोटो काढत होते. ताईंनी आपल्या शेवंतीचं प्लास्टिक काढलं, दोन्ही हातांनी फुलं ठेवली, हात जोडले. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी तिथंच फतकल मारली आणि शेजारचा गुच्छ सोडवायला घेतला. मग त्याच्या शेजारचा... माझी पाचावर धारण बसली. रखवालदार धावत आला, “आँटी, कॅनॉट लाह! नॉट युअर फ्लॉवर्स!” वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं तसं ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. “प्लास्टिक इज नॉट फॉर गिव्हिंग,” त्या म्हणाल्या. “ओन्ली फ्लॉवर.” तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी सॉरी सॉरी करत ताईंना दंडाला धरून उठवलं.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मी विचारलं, “काय गरज होती ताई?”

“अगं, बुद्धवंदनेला आपण फूल कशाला वाहतो? ते डोळ्यांदेखत सुकतं म्हणून. आज ते, उद्या आपण, एवढं ध्यानात राहावं म्हणून. हे लोक फुलाला धड सुकूही देत नाहीत.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “राणी यांच्यातल्या कुणाच्या ओळखीची होती? तरी एवढी माणसं आली. मी इथं गेले तर कोण येईल गं? पुण्यात निदान माझी शाळेतली पोरं आली असती.”

त्यानंतर पुण्याला परत जायचा विषय त्यांच्या घरात वरचेवर निघू लागला. “तिथं तुला बघणार कोण, आई?” प्रसेनजित म्हणायचा. दोघांचंही बरोबर होतं. ताई राहिल्या खऱ्या, पण परक्या गावात बेवारशासारखं जावं लागेल ही धास्ती काही त्यांच्या मनातून गेली नाही.

इथली त्यांची मैत्रीण म्हणजे शेजारच्या टॅन आँटी. एकीला मराठी येतं, दुसरीला चिनी, आणि दोघींचं इंग्रजी मिळून जेमतेम एका माणसापुरतं. रोज सकाळी दोघी बाजारात जायच्या आणि येताना इमारतीखालच्या बाकावर बसून टॅन आँटींच्या देव्हाऱ्यासाठी घेतलेली फुलं प्लास्टिकमधून सोडवायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण हसणं मात्र लिफ्टपर्यंत ऐकू यायचं.

ताईंचं अंत्यदर्शन त्याच बाकापलीकडं, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत होतं. वाटेत घेतलेला पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ घेऊन मी पोचले. वाटलं होतं, आम्ही चार मराठी माणसं असू. पाहते तर खुर्च्या पुरत नव्हत्या. बाजारातली फुलवाली, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका, ज्यांची नावं मला अजून माहीत नाहीत ती म्हातारी माणसं... आणि ताईंच्या पायाशी फुलंच फुलं. एकालाही प्लास्टिक नव्हतं. पुढच्या टेबलापाशी टॅन आँटी कात्री घेऊन बसल्या होत्या. येईल त्याच्या हातातून गुच्छ घ्यायच्या, रिबीन कापायच्या, प्लास्टिक काढायच्या आणि मोकळी फुलं परत हातात द्यायच्या. माझाही गुच्छ त्यांनी ओढूनच घेतला. “दिस वन कॅनॉट,” डोळे पुसत म्हणाल्या, “शी डोन्ट लाइक.” ताईंनी गाडीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर कात्री घेऊन बसलं होतं, आणि ते ऐकायला ताई नव्हत्या. मला रडू आवरेना.

टॅन आँटी अजूनही सकाळी त्या बाकावर बसतात. एका कडेला, शेजारची जागा मोकळी ठेवून. मी ऑफिसला जाताना हात करते आणि पुढं जाते. परवा मात्र त्यांनी हाक मारली, त्या जागेवर हातानं थोपटलं आणि मी बसल्यावर अर्धी फुलं माझ्या मांडीवर ठेवली. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचले.