आईची बहीण, ॲना

ॲना मावशी दार न वाजवता घरात यायच्या. अमेरिकेत सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी खोकी उघडत बसले होते आणि साठीच्या एक उंच गोऱ्या बाई सूपचं पातेलं घेऊन थेट स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मी दचकले, तर म्हणाल्या, "आमच्या गावात दार वाजवलं की लोक घाबरतात. ओळखीचं कुणी वाजवतच नाही."

मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी मावशी म्हणू लागले. अर्थ कळल्यावर त्यांनी ग्रोसरीच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं, की मी हिच्या आईची बहीण.

त्यांचं गाव ऑस्ट्रियात, आल्प्सच्या पायथ्याशी. तीसेक घरं आणि एक चर्च. हिवाळ्यात सूर्य दुपारीच डोंगराआड जायचा. समोरच्या टेकडीवर मात्र संध्याकाळपर्यंत ऊन असे. "त्या ऊनवाल्यांशी आमचं कधी पटलं नाही," असं त्या अजूनही रागानं सांगत.

दुसऱ्या महायुद्धानंतर एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून त्या निघाल्या, तेव्हा वडील निरोप द्यायला बाहेरसुद्धा आले नाहीत. पुढं चाळीस वर्षं वडिलांनी एक अक्षर लिहिलं नाही. मावशींचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, तरी गावी जायचं म्हटलं की त्या विषय बदलत.

शहाऐंशी साली बहिणीचं पत्र आलं. मावशींनी ते न उघडताच मला दिलं. "तुझ्याकडे ठेव. वाचलं तर जावं लागेल."

पंधरा दिवस ते डाळींच्या डब्यांमागे राहिलं. त्या रोज येत, चहा पीत, पण त्या फळीकडे बघत नसत. आदल्या वर्षी माझे वडील नागपूरला वारले, तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला जाता आलं नव्हतं. शेवटी मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "मावशी, मला आता असं पत्र येणार नाही."

त्यांनी पाकीट फाडलं. बहिणीनं लिहिलं होतं, वडील नव्वदीला टेकलेत, माणसं विसरू लागलेत. त्याच शनिवारी आम्ही मावशींना एअरपोर्टवर सोडलं. आत जाताना एवढंच म्हणाल्या, "त्यांनी घरात घेतलं नाही तर?" मी त्यांचा स्कार्फ नीट केला.

महिन्याभरानं त्यांनी लिहिलं : "बाबा मला ओळखत नाहीत. ही बाई कोण, असं रोज विचारतात. परवा मी गोठ्यात धार काढत होते, ते बाकावर बसले होते. बराच वेळ बघून बहिणीला म्हणाले, 'आमची ॲना अशीच धार काढायची. हिला जाऊ देऊ नकोस.' म्हणून मी इथंच राहते आहे."